पॉजचं बटण नसलेलं गाऱ्हाणं

“साहेब, तुमच्या त्या वेबसाइटवर आमचा म्हातारा श्वास घेत नाय.”

फोनवरचा माणूस भांडत नव्हता. भांडला असता तर बरं झालं असतं. लग्नाच्या व्हिडिओवरून भांडणाऱ्या गिऱ्हाइकांशी बोलण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आहे. हा शांत होता. मुंबईहून बोलत होता, चंद्रकांत गावकर. त्याचे वडील भिकाजी गावकर गेल्या पावसाळ्यात वारले होते. वारलेला माणूस श्वास घेत नसेल तर त्यात तक्रार कसली, असं अगदी माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. वेळेवर गिळलेली ती माझी बहुधा एकमेव गोष्ट.

“म्हणजे नेमकं काय होतंय?”

“होळीला देवळात बापाच्या जागेवर मला उभं ऱ्हायचंय. त्याच्यासंगती म्हणून पाठ करायचं व्हतं. पण तो थांबतच नाय. मी बोलू कवा? पुरता ऐकवला पण नाय. बंद केला.” जरा थांबून तो म्हणाला, “कॅसेटवर असा नव्हता ओ तो.”

फोन ठेवला आणि मला घाम फुटला. का, ते सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

रत्नागिरीत माझा फोटो स्टुडिओ होता. फोटो, व्हिडिओ शूटिंग, बारशापासून साठीशांतीपर्यंत सगळं. मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि माझ्या दुकानात मोबाइलची कव्हरं विकणारा आला. मी पन्नाशीला प्रशिक्षणार्थी झालो. गावातल्या एका ट्रस्टचं छोटं अभिलेखागार आहे. अभिलेखागार म्हणजे जुने कागद, फोटो, नकाशे, आवाज जसे मिळाले तसे जपून ठेवायची जागा. ‘जसे मिळाले तसे’ हे तीन शब्द म्हणजे या धंद्याचं अर्धं शिक्षण. ते मला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं होतं. मी मान डोलावली होती. बायको म्हणाली, “अडगळ सांभाळायला सर्टिफिकेट लागतं होय?”

आमच्या प्रमुख लेले मॅडम वयाने माझ्यापेक्षा लहान, पण त्यांच्यासमोर मी शाळेतल्यासारखा उभा राहतो. त्यांनी सांगितलं, “नागवेकर, वर्षभरात काय शिकलात ते कुठेतरी मांडून ठेवा. वही चालेल.” वही कोण ठेवणार? मी वेबसाइट करायची ठरवली. तीसुद्धा तयार साच्यातली नाही, हाताने विणलेली. नोटपॅडमध्ये एकेक ओळ लिहायची, सेव्ह करायची, ब्राउझरमध्ये उघडायची, काहीच दिसत नाही म्हणून परत नोटपॅडमध्ये जायचं. महिनाभराने पान उभं राहिलं. निळी पार्श्वभूमी, वर सरकणारं ‘सुस्वागतम्’, कोपऱ्यात माझा टाय लावलेला फोटो. मॅडमनी ते बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “नागवेकर, वरात कुठून निघणार आहे?”

पण त्यांनी परवानगी दिली. एक अट घातली. कामाचा एक नमुना ठेवा, एकच ठेवा, पण नीट.

नमुना म्हणून मी भिकाजी गावकरांची कॅसेट निवडली.

ही कॅसेट चंद्रकांतनेच वडिलांच्या दिवसकार्यानंतर आम्हाला आणून दिली होती. वेबसाइटवर लावायची लेखी संमतीही दिली होती. त्यावर होतं गाऱ्हाणं. घाटावरचे लोक गाऱ्हाणं म्हणजे तक्रार समजतात. आमच्याकडे देवळात सगळ्या गावाच्या वतीने एक जण देवाला मोठ्याने विनवतो, ते गाऱ्हाणं. रोगराई दूर ठेव, मुंबईला गेलेल्यांना सांभाळ, गुरांना सांभाळ. प्रत्येक वाक्यानंतर जमलेले सगळे म्हणतात, “व्हय म्हाराजा.” पाणकोंड गावात हा मान गावकरांच्या घराकडे. भिकाजींनी तो आयुष्यभर सांभाळला. पोरगा मुंबईला एका हॉस्पिटलात वॉर्डबॉय. सुट्टी मिळेल तेव्हा येणार, शिकायला कधी बसणार नाही. शेवटी म्हाताऱ्याने एकट्याने बसून ते टेपवर म्हणून ठेवलं. एकट्याने, म्हणजे एक वाक्य म्हणायचं आणि गप्प बसायचं. मग पुढचं वाक्य. मधे टेपची नुसती खरखर.

आता लग्नाच्या व्हिडिओवाल्याला खरखर ऐकू आली की त्याचा हात आपोआप कात्रीकडे जातो. भटजी पान चुकले, काप. नवरदेवाचे काका माइक हातात घेऊन उभे आणि शब्द सुचत नाही, काप. लोक म्हणायचे, नागवेकरांची कॅसेट कशी पळते बघा. तेच मी इथे केलं. कॉम्प्युटरवर आवाज घेतला. जिथे शांतता तिथे तोडायचं, अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. त्याने गाऱ्हाण्याचे तुकडे केले, प्रत्येक वाक्याची एक फाइल, शांतता गायब. प्रत्येक वाक्याला मी एक फोटो लावला. गुरांच्या वाक्याला बैल, मुंबईच्या वाक्याला भाट्याच्या किनाऱ्यावरचा सूर्यास्त, कारण मुंबईचा फोटो माझ्याकडे नव्हता. एक तुकडा वाजून संपला की पुढचा आपोआप सुरू होईल असा प्लेअर मी स्वतः लिहिला. त्याला एकच बटण, प्ले. पॉजचं बटण मी ठेवलंच नाही. लग्नाची कॅसेट पॉज करून कोण बघतं?

मॅडमनी हेडफोन लावून ते ऐकलं. फक्त विचारलं, “तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत?”

“हो तर,” मी म्हणालो. ऐकलं नव्हतं. शेवटचा तुकडा म्हणजे नुसती खरखर असणार असं समजून मी त्याला ‘धन्यवाद’ची पाटी लावली होती.

“मूळ, न कापलेली फाइल?”

“आहे ना.” तीसुद्धा नव्हती. एकाच नावाने सेव्ह करत गेल्यामुळे कापलेली फाइल मुळावरच जाऊन बसली होती. पण कॅसेट कपाटात होती, तेव्हा परत घेता येईल असा माझा हिशोब. दोन दिवसांनी स्टुडिओतला एक जुना मित्र आला, त्याला फुशारकीने कॅसेट ऐकवायला गेलो, आणि टेपरेकॉर्डरने ती खाल्ली. चुरगळलेली, तुटलेली फीत मी पाकिटात घालून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि योग्य वेळ आली की सांगू, असं ठरवलं. योग्य वेळ म्हणजे चंद्रकांतचा फोन.

त्या दुपारी मी पान उघडून पहिल्यांदा कान देऊन ऐकलं. आधी मला ते ‘टाइट’ वाटलं होतं. आता वेगळंच वाटलं. म्हातारा एका वाक्यातून दुसऱ्यात पडत होता. मागे कोणीतरी लागल्यासारखा. रोगराई दूर ठेव लेकरांना सांभाळ वाट चुकलेल्याला वाटेवर आण. मधे श्वास नाही. आवाज तोच, शांत, जाड, पण त्या शांतपणानेच ते भयंकर झालं होतं. पळणारा माणूस निदान धापा तरी टाकतो.

शेजारच्या खोलीतून आवाज आला, “व्हय म्हा—”

आमचे शिपाई सावंत रॅकवरची धूळ झटकत होते. ते दारात आले. चेहरा उतरलेला.

“मी बोललो काय?” त्यांनी मलाच विचारलं.

“बोललात.”

“तोंडातून आलं. सवयीने. पण नागवेकर, हा पुरं बोलूच देत नाही हो. मी उत्तर देतोय तर हा पुढे गेलेला.” त्यांनी फडकं हातात पिळलं. “बंद करा ते. कोणीतरी आपल्याकडे काहीतरी मागतंय आणि आपण देत नाही, असं वाटतं.”

बंद करायला गेलो तर बटण नाही. घाईत कॉम्प्युटरची वायरच ओढली. तरी त्या खोलीत बसवेना. पंख्याच्या घरघरीतसुद्धा मला खरखर ऐकू येत होती, आणि प्रत्येक वेळी ती थांबली की वाटायचं, आता कोणीतरी बोलणार.

मी माझ्या परीने दुरुस्ती केली. प्रत्येक वाक्यानंतर दोन सेकंदांची शांतता टाकली आणि मॅडमकडे गेलो. सगळं एका दमात सांगितलं. टेप, मित्र, ड्रॉवर.

“आणि ही दोन सेकंदं कुठून आणलीत?” त्यांनी विचारलं.

“अंदाजे.”

“अंदाजे.” त्यांनी पाकिटातली फीत उजेडात धरली. जागोजागी तुटलेली, पिळवटलेली. पाकीट पुन्हा बंद केलं. “तो माणूस मनातल्या मनात कोणाचं तरी उत्तर ऐकत होता, नागवेकर. तेवढा वेळ थांबत होता. प्रत्येक वेळी वेगळा. ती मापं आता कोणाकडेच नाहीत. तुम्ही दोन सेकंदं घातलीत तर ते त्याचं गाऱ्हाणं राहत नाही, तुमचं होतं. ती काढा. जे तुकडे आहेत ते आहेत.”

“मग चंद्रकांतला काय सांगू?”

“खरं. फोनवर नाही, गावात जाऊन. होळीसाठी तो येईल तेव्हा.”

दोन सेकंदं मी त्याच दिवशी काढून टाकली. होळीच्या तोंडावर निघालो, लांज्याच्या पुढपर्यंत एसटीने आणि मग सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून, पायी. दुपार टळायची होती. काजूला मोहोर, जांभ्या दगडाच्या कुंपणांवर, गडग्यांवर, कोणी वाळत घातलेले कपडे, आणि बाकी बहुतेक घरांना कुलूप. होळीला मुंबईची माणसं यायची होती, पण अजून गाडी पोचली नव्हती. देऊळ झाडीत होतं, तोडायला मनाई असलेल्या जुन्या झाडांच्या राईत. आत शिरलो आणि ऊन मागेच राहिलं. चालण्याचा आवाजही पाचोळ्यात मुरायला लागला.

देवळाच्या पडवीत पाचसहा माणसं बसली होती. चंद्रकांत बाकी मुंबईकरांच्या आधीच आलेला, खांबाला टेकून उभा. चाळिशीचा, अंगात हॉस्पिटलमधल्यासारखा स्वच्छ पांढरा शर्ट, तोंड घट्ट मिटलेलं. बाकीच्यांत सोनूदादा, म्हणजे भिकाजींचे सोबती. आयुष्यभर त्यांच्या उजव्या हाताला उभं राहून “व्हय म्हाराजा” म्हणणारे.

मी सगळं सांगितलं. सांगताना माझा टायही काढून खिशात घातला.

“म्हंजे टेप गेली,” सोनूदादा म्हणाले.

“गेली.”

“आनि वेबसायटीवर काय ऱ्हायलं?”

“वाक्यं आहेत सगळी. फक्त मधली शांतता गेली.”

“शांतता कुठली ओ सायेब. ती आमची जागा व्हती. तुमी आमालाच कापलंत की.” ते हसले. दात नसलेलं हसू. “बरं झालं, मेल्याशिवाय फोटूतून काढणारा पयलाच भेटला.”

कोणी हसलं नाही. चंद्रकांत खांबापासून हलला. “मला येत नाय,” तो म्हणाला. “सगळ्यांना म्हाईत हाय. वाक्य कुठं सुरू व्हतं, कुठं संपतं, काय म्हाईत नाय. टेप बी नाय. मान खालच्या वाडीला द्या. इषय संपला.”

“बापाने कोणासाठी केली रे टेप?” सोनूदादांनी विचारलं.

“म्हनून तर सांगतोय. बापाने बोलावलं तवा मी आलो नाय. आता आलो तर बाप पळतोय.”

मी म्हणालो, एकदा सगळ्यांनी मिळून ऐकू या. मी प्रत्येक वाक्याला फोनचा आवाज बोटाने बंद-चालू करीन, जमेल तसं. पॉजचं बटण नाही हे सांगायची हिंमत झाली नाही. सोनूदादांनी देवळासमोरच्या एका चिऱ्याकडे बोट केलं. “तिथं ठेवा. गावात तेवढ्याच दगडावर रेंज येते.”

मी फोन चिऱ्यावर ठेवला, वर छोटा स्पीकर जोडला. पान उघडायला इतका वेळ लागला की ‘सुस्वागतम्’ अक्षर-अक्षर करत आलं. सगळे उभे राहिले. चपला काढल्या. मीही काढल्या. प्ले दाबलं.

भिकाजींचा आवाज राईत पसरला.

“बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरं तुझ्या पायरीशी उभी हायत, ती गोड मानून घे.”

मी आवाज बंद करायला बोट पुढे केलं. गरज पडली नाही. आवाज थांबला होता.

स्क्रीनवर छोटं वर्तुळ फिरत होतं.

“व्हय म्हाराजा,” सोनूदादांच्या तोंडून आलं. मागोमाग बाकीच्यांच्या. ते शब्द संपले आणि भिकाजी बोलले.

“लेकरांच्या वाटेत काटाकुटा, इघ्नबाधा आसंल ती दूर कर.”

वर्तुळ. “व्हय म्हाराजा.” पुढचं वाक्य.

मी बोट मागे घेतलं. चौथं-पाचवं वाक्य झालं तरी तसंच. राईत पाखरू बोलत नव्हतं. म्हातारा पळत नव्हता. वाक्य टाकत होता, थांबत होता, ऐकत होता. गुरांच्या वाक्याला सोनूदादांना ठसका लागला. सगळे त्यांच्यासाठी थांबले. खोकून झाल्यावर त्यांनी डोळे पुसत, उशिरा, एकट्याने म्हटलं, “व्हय म्हाराजा.” तोवर वर्तुळ फिरतच होतं. ते बोलले आणि आवाज पुढे निघाला. सोनूदादांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात वर करून दाखवले. मी काही करत नाहीये.

चंद्रकांतचं तोंड अजून मिटलेलंच होतं.

मुंबईला गेलेल्यांचं वाक्य झालं. स्क्रीनवर भाट्याचा सूर्यास्त आला आणि गेला. मग एक वाक्य आलं, ते मी नीट ऐकलंच नव्हतं कधी.

“म्हाराजा, मी काय उद्याचा नाय. माज्यामागनं हितं जो उभा ऱ्हाईल, त्येच्या तोंडात शबुद घाल.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

वर्तुळ फिरत राहिलं.

आम्ही वाट पाहिली. कोणीतरी पाय बदलला. देवळातली समई दिसत होती, तिची ज्योत हलत नव्हती.

“रेंज गेली काय?” सोनूदादा कुजबुजले.

मी वाकून पाहिलं. रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या होत्या. आल्यापासून पहिल्यांदाच.

“परत म्हनू या,” कोणीतरी म्हणालं. परत म्हटलं, सगळ्यांनी. मीही म्हटलं. काही नाही. वर्तुळ. मग कोणी न सांगता सगळ्यांच्या माना हळूहळू चंद्रकांतकडे वळल्या. तो चिऱ्याकडे बघत होता, तिथे फोन नसून माणूस बसल्यासारखा.

“व्हय म्हाराजा,” तो म्हणाला. जेमतेम ऐकू येईल असं.

वर्तुळ थांबलं. ‘धन्यवाद’ची माझी पाटी आली. खरखर आली. आणि त्या खरखरीत, विनवणीच्या नाही, घरातल्या आवाजात, भिकाजी म्हणाले,

“हां. आता तू म्हन.”

टेपचं बटण दाबल्याचा खटका झाला आणि सगळं संपलं.

मग चंद्रकांत पुढे आला. चिऱ्यासमोर नाही, देवासमोर, वडील जिथे उभे राहायचे तिथे. सोनूदादा त्याच्या उजव्या हाताला जाऊन उभे राहिले. तो अडखळला. गुरं मुंबईच्या आधी घेतली की नंतर, विसरला. एक वाक्य त्याने स्वतःचंच घातलं, हॉस्पिटलात पडलेल्यांना उठव म्हणून. पण प्रत्येक वाक्यानंतर तो थांबत होता, आणि उत्तर येईपर्यंत पुढे जात नव्हता. होळीला गाऱ्हाणं त्यानेच घातलं. मान खालच्या वाडीला गेला नाही.

ऑफिसात मॅडमनी कारण पाच मिनिटांत शोधलं. “तुमचा हाताने लिहिलेला प्लेअर. एक तुकडा संपल्यावरच तो दुसरा मागवायला जातो, आधीपासून आणून ठेवत नाही. अगदी नवख्या माणसाची चूक. इथे आणि मुंबईला नेट वेगवान, त्यामुळे तुकडे एकाला एक चिकटतात. त्या दगडावर प्रत्येक तुकडा यायला वेळ लागला. झालं.”

“आणि सोनूदादांचा ठसका?”

“योगायोग.”

“आणि चंद्रकांत? तेव्हा रेंज पूर्ण होती, मॅडम.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “शेवटपर्यंत ऐकलंत का, असं मी तुम्हाला विचारलं होतं,” त्या म्हणाल्या. एवढंच.

शिक्षा झाली. माझं प्रशिक्षण वाढवलं. वेबसाइटवर गाऱ्हाण्याखाली मला लिहावं लागलं की ही ध्वनिफीत कापलेली आहे, मूळ नष्ट झालं आहे आणि दोन्ही कामं माझी आहेत. सरकणारं ‘सुस्वागतम्’ काढलं. चंद्रकांतचं गाऱ्हाणं आम्ही होळीला जाऊन रेकॉर्ड केलं, उत्तरांसकट, खोकल्यांसकट, मागे भुंकणाऱ्या कुत्र्यासकट. ते वेगळं ठेवलं. बापाच्या जागी नाही, बापाच्या शेजारी.

भिकाजींच्या तुकड्यांची नोंद मॅडमनी स्वतः केली. प्रत्येक ध्वनिफितीच्या नोंदीत ‘कालावधी’ असा एक रकाना असतो, तिथे मिनिटं-सेकंद लिहायचे. या बाईंनी आयुष्यात कधी अंदाजे काही लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. त्या रकान्यात त्यांनी लिहिलं आहे, ‘ऐकणाऱ्यांवर अवलंबून’.

मी या सगळ्यातून एक धडा घेतला. रिकामी जागा कापायच्या आधी तिथे कोण उभं आहे ते विचारावं. प्लेअरमधली नवख्याची चूक दुरुस्त करायला एक ओळ पुरते, ती ओळ मला आता येतेही. पण सावंत म्हणाले, राहू दे. पॉजचं बटणही मी बसवलेलं नाही. ते दाबायचं काम माझं आहे असं मला आता वाटत नाही.